घरी जमलेला बेस बँडमध्ये कुठे हरवतो?

ऐरोलीहून एका मुलीने प्रश्न विचारला आहे. वय चोवीस. पॅसिव्ह जॅझ बेस वाजवते, म्हणजे बॅटरीशिवाय चालणारी, दोन पिकअपची बेस गिटार. एरवी स्वतःच्या गाण्यांचा चौघांचा बँड, आणि नवरात्रात, लग्नसराईत ऑर्केस्ट्रा. तिचं म्हणणं थोडक्यात असं: "दादा, दोन वर्षांत तीन प्रीॲम्प पेडल्स झाली. आधी एक स्वस्तातलं, मग सॅन्सॲम्प, आता डार्कग्लासचं बी७के. दर वेळी रात्री हेडफोनवर आवाज असा जमतो की वाजवणं थांबवावंसं वाटत नाही. रिहर्सलला गेलं की बेस गायब. साउंडवाले म्हणतात ऐकू येत नाही. वाढवला की म्हणतात घुमतोय. आता सगळे ॲग्विलारचं टोन हॅमर घे म्हणतात. घेऊ का? मनातला आवाज सापडेपर्यंत अजून किती पेडल्स बघावी लागतील?"

चौथं पेडल, म्हणजे बेसचा सिग्नल ॲम्प किंवा कन्सोलकडे जाण्याआधी घडवणारी चौथी डबी, आत्ता घेऊ नकोस. तुझ्याकडची दोन पेडल्स तुला हवा तो आवाज देऊ शकतात, याची मला जवळपास खात्री आहे. मी ठाण्यात बावीस वर्षं बेस वाजवतोय. ऑर्केस्ट्रा, भावगीतांचे कार्यक्रम, रॉक बँड, दिवाळी पहाट असं सगळं केलंय आणि पेडल्सच्या मागे तुझ्याइतकाच, किंबहुना जास्तच पळालोय. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी साउंडवाल्यांच्या दोन तक्रारी घे. "ऐकू येत नाही" आणि "घुमतोय". तुला त्या उलटसुलट वाटतात, एक मिटवायला गेलं की दुसरी उभी राहते. पण त्या दोन नाहीत, एकच तक्रार आहे. तुझ्या आवाजात तळ भरपूर आहे आणि मधला भाग नाही. तळ सभागृहात घुमतो, आणि स्वर कोणता वाजतोय हे कानाला ज्या मधल्या भागावरून कळतं तो भाग जागेवरच नाही. मग नुसता आवाज वाढवून काय होणार? घुमणं तेवढं वाढतं, स्वर होता तिथेच राहतो.

हा मधला भाग गेला कुठे, याचा माझा अंदाज सांगतो. तुझ्या जॅझ बेसचे दोन्ही पिकअपचे व्हॉल्यूम तू पूर्ण उघडे ठेवत असशील, बहुतेक सगळे तसेच ठेवतात. पिकअप म्हणजे तारेचं कंपन टिपून त्याचा विजेचा सिग्नल करणारा भाग, आणि असे दोन पिकअप तारेखाली दोन वेगळ्या जागी बसलेले असतात. दोन्ही सारख्या जोराने चालू असले की काही मधले स्वरांश (मूळ स्वराबरोबर वाजणारे वरचे सूर) एकमेकांना खोडतात. त्यामुळे मधे एक खळगा पडतो. तोच जॅझ बेसचा गुळगुळीत, चमकदार आवाज, आणि एकट्याने वाजवताना तो फार सुंदर लागतो. हा पहिला खळगा. त्यापुढे तू सॅन्सॲम्प जोडलास. टेक २१ कंपनीचं हे बेस ड्रायव्हर डीआय नव्वदच्या दशकात आलं, आणि त्याच्या मूळ घडणीतच मध्य आत ओढलेला आहे. पहिल्या आवृत्तीवर मिडचा नॉबसुद्धा नव्हता, तो दुसऱ्या आवृत्तीत आला. हा दुसरा खळगा. तिसरा तू स्वतः खणलास: रात्री हेडफोन लावून पेडलवरचा बेसचा नॉब घड्याळाच्या काट्यासारखा दोन वाजेपर्यंत, ट्रेबलचाही दोन वाजेपर्यंत, आणि मिड असेल तर दहावर. माझं काही चुकत असेल तर कळव, पण सेटिंगचा फोटो न बघताच मी हे लिहितोय.

आता ही सवय का लागते ते बघ, कारण चूक तुझ्या कानाची नाही. बेल लॅबोरेटरीजमधल्या फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्ये मोजून दाखवलं की आवाजाची पातळी कमी असली की माणसाचा कान खालचे स्वर फार कमी ऐकतो, आणि पातळी वाढत गेली की ते भराभर पुढे येतात. आपल्या इमारतींमध्ये रात्री अकरानंतर कोणी मोठ्याने वाजवत नाही, वाजवूही नये. मग तू हळू आवाजात वाजवतेस, तळ कमी वाटतो, तू नॉब फिरवून तो भरून काढतेस. घरापुरतं ते बरोबरच असतं. तेच सेटिंग स्टेजवरच्या पातळीला नेलं की कान तळ पूर्ण ऐकायला लागतो आणि वर तू घातलेली भरही असतेच. दुसरी गोष्ट ॲम्पची. एखादा पट्टा ६ डेसिबलने वाढवायचा तर त्या पट्ट्यासाठी ॲम्पला चौपट ताकद लावावी लागते, १० डेसिबलला दहापट. जॅमरूममधला छोटा ॲम्प तिथेच दमतो आणि तुझा सगळा आवाज चेपून टाकतो.

शिवाय हेडफोन म्हणजे स्पीकरचं कॅबिनेट नव्हे. चार तारांच्या बेसचा सगळ्यात खालचा ई स्वर साधारण ४१ हर्ट्झचा, पाच तारांच्या बेसचा खालचा बी ३१ च्या आसपास. बरा हेडफोन हे सगळं कानात ओततो. पण ज्या आवाजाला आपण सगळे जाडजूड म्हणतो, तो अँपेगच्या एसव्हीटीचा आवाज, १९६९ पासूनचा, ३०० वॉटचा ट्यूब ॲम्प आणि दहा इंची आठ स्पीकरचं कॅबिनेट, त्या कॅबिनेटचा आवाज ६० हर्ट्झच्या खाली पडायला लागतो. छातीत बसणारा तो दणका ४० हर्ट्झचा नाहीच. तो त्याच्या वरच्या स्वरांशांचा आहे. हे मला कळायला फार वर्षं लागली, आणि कळल्यावर बेसच्या नॉबकडे बघण्याची माझी नजरच बदलली.

माझ्यावर हा प्रसंग नवरात्रात आला होता. नवं पेडल घेतलेलं, आठवडाभर घरी सेटिंग करून, नॉबच्या टोकांवर मार्करने खुणा करून मैदानावर गेलो. पहिल्या गाण्यापासून कीबोर्डवाला माझ्याकडे बघत होता. त्याला माझा स्वरच लागत नव्हता, तो अंदाजाने कॉर्ड धरत होता. मध्यंतरात कन्सोलवरचे एक वयस्क गृहस्थ स्टेजवर चढून आले. बोलले काही नाहीत. माझ्या पेडलवर वाकले, बेसचा नॉब बारावरून दहावर नेला, मिड तीनवर, आणि "आता वाजव" एवढंच म्हणाले. मला तो आवाज भयंकर वाटला, नाकातून आल्यासारखा, पत्र्याच्या डब्यासारखा. पण ढोलकी आणि ऑक्टोपॅड सुरू झाल्यावर त्या नाकातल्या आवाजाला अचानक अंग आलं. तळ मी देतच नव्हतो, तळ सगळा मेळ मिळून देत होता. मी त्याला फक्त स्वर पुरवत होतो.

आपल्याकडच्या मेळाचा विचार परदेशी व्हिडिओंमध्ये कोणी करत नाही, म्हणून त्यावर थोडं थांबतो. तिथे एक किक ड्रम, एक बेस, दोन गिटार. इथे किक आहे, ऑक्टोपॅडवरचा तसलाच दणका आहे, ढोलकीची धूम बाजू आहे, भावगीतात तबल्याचा डग्गा आहे आणि कीबोर्डवाल्याचा डावा हात आहे. हे सगळे ज्या जागेत राहतात त्याच खालच्या खोलीत तूही बिऱ्हाड मांडलंस तर कोणालाच पाय पसरता येणार नाहीत. डग्ग्याचा घुमारा स्वर बदलत मींडेसारखा सरकतो. त्याच्याशी तुझा खालचा सा भिडला की दोघांचाही चिखल होतो. त्यामुळे ऑर्केस्ट्रात मी ८० हर्ट्झच्या आसपासचा भाग साधा, न वाढवता ठेवतो, २०० ते २५०चा थोडा खाली घेतो कारण गदळपणा तिथे साठतो, आणि ५०० ते ८००च्या दरम्यान कुठेतरी थोडी उचल देतो. नेमका कुठे, ते त्या दिवशीच्या सभागृहावर. रॉक बँडमध्ये हेच गणित वेगळं असतं. गिटारवाल्यांनी ५०० ते एक हजार व्यापलेलं असतं, तिथे मला ३०० किंवा एकदम दीड हजाराकडे जावं लागतं. म्हणजे "आदर्श आवाज" एक नाहीच. तुझ्या दोन मेळांसाठी निदान दोन आहेत, आणि एक पेडल घेऊन दोन्ही ठिकाणी एकच सेटिंग ठेवलं तर एका ठिकाणी तू हरवणारच.

कीबोर्डवाल्याशी एकदा मोकळेपणाने बोलून घे. डाव्या हाताने खालचा सप्तक सोडायला सांग. माझ्या अनुभवात हे एक वाक्य कुठल्याही पेडलपेक्षा जास्त काम करतं, आणि चांगले वादक त्याचं वाईट वाटून घेत नाहीत.

आता पेडल्सकडे. प्रीॲम्प पेडल तीन कामं करतं आणि आपण तिन्हींना मिळून टोन म्हणतो, त्यातून गोंधळ होतो. पहिलं काम निमूट असतं: पॅसिव्ह पिकअपमधून येणारा नाजूक सिग्नल सांभाळून पुढे देणं. पॅसिव्ह बेस कमी इम्पिडन्सच्या, म्हणजे सिग्नल जास्त ओढून घेणाऱ्या इनपुटला, किंवा फार लांब केबलला थेट जोडला की वरचा भाग मंदावतो. १ मेगोहमच्या आसपासचा इनपुट असलेलं पेडल जवळ ठेवलं की तो टिकतो. अनेकांना पहिलं पेडल घेतल्यावर बेस जिवंत झाल्यासारखा वाटतो तो बराचसा यामुळे, नॉब न फिरवताही. दुसरं काम रंग देणं, म्हणजे ईक्यू (तळ, मध्य, वरचा भाग कमी-जास्त करणं) आणि ड्राइव्ह (आवाज मुद्दाम थोडा फाडणं). तिसरं काम डीआय: समतोल सिग्नल एक्सएलआरने थेट कन्सोलला पोचवणं. नवी मुंबईतल्या छोट्या कार्यक्रमांत स्टेजवर बेसचा ॲम्प बहुतेक वेळा नसतोच, त्यामुळे तुझ्यासाठी हे तिसरं काम सगळ्यात मोलाचं आहे. आणि पेडल निवडताना नेमकं तेच कोणी तपासत नाही.

डीआयमुळे एक फरक पडतो तो लक्षात ठेव. ड्राइव्हचा आवाज कॅबिनेटमधून जातो तेव्हा त्याची वरची करकर स्पीकरच गाळतो. थेट कन्सोलला गेला की ती करकर पीएमधून, म्हणजे सभागृहाच्या स्पीकरमधून, जशीच्या तशी बाहेर पडते. सॅन्सॲम्पच्या सर्किटमध्ये कॅबिनेटची नक्कल मुळातच आहे, म्हणून ते थेट पीएला गोड लागतं. मूळ बी७केमध्ये ती नाही. डार्कग्लास ही हेलसिंकीची कंपनी. तिच्या पेडलमधला ड्राइव्ह धारदार आहे, जड संगीतात तो अप्रतिम बसतो. पण ॲम्पशिवाय थेट द्यायचा तर ट्रेबल निम्म्याच्या खाली आण आणि ब्लेंड (मूळ आवाजात ड्राइव्हचा आवाज किती मिसळायचा तो नॉब) तिसऱ्या हिश्शाच्या वर नेऊ नकोस. उलट सॅन्सॲम्प जेव्हा जॅमरूममधल्या बेस ॲम्पच्या पुढच्या इनपुटला लावतेस तेव्हा नक्कल एक आणि खरं कॅबिनेट दुसरं, अशी दोनदा गाळणी होते आणि आवाज घोंगडी पांघरल्यासारखा होतो. ॲम्पच्या मागे रिटर्नचा सॉकेट असेल तर तिथे लाव, निदान ॲम्पचा स्वतःचा प्रीॲम्प वाटेतून बाजूला होईल. तुझी निम्मी निराशा या एका जोडणीची असू शकते.

ब्लेंडबद्दलही सांगतो. ड्राइव्ह झालेल्या आवाजात तळ पातळ होतो. मूळ स्वच्छ आवाज त्याच्याखाली मिसळता आला तर अंग टिकतं. म्हणून बेससाठी ब्लेंड असलेलं पेडल मला आवश्यक वाटतं. एमएक्सआरच्या एम८० मध्ये, सॅन्सॲम्पमध्ये, बी७केमध्ये, सगळ्यांत ते आहे. ड्राइव्ह म्हणजे फक्त रॉकचं काम, असं समजू नकोस. थोडा, अगदी ऐकू येईल-न येईल एवढा ड्राइव्ह मी भावगीतालाही ठेवतो. कारण असं की ४१ हर्ट्झ मोबाइलच्या स्पीकरमधून, किंवा मैदानाच्या कडेच्या छोट्या कर्ण्यातून बाहेर पडूच शकत नाहीत. पण त्या स्वराचे ८२, १२३, १६४ हर्ट्झचे स्वरांश ऐकू आले की मेंदू तळाचा न वाजलेला स्वर स्वतः जोडून घेतो. ड्राइव्ह हे स्वरांश वाढवतो. आपले कार्यक्रम आता निम्मे लोक मोबाइलवर बघतात, तेव्हा हा भाग सोडून चालणार नाही.

आता पेडल्स तपासायची कशी. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आहे. काही वर्षांपूर्वी वागळे इस्टेटमधल्या एका जॅमरूममध्ये आम्ही चौघांनी एक रविवार ठरवला. माझी आणि मित्रांची मिळून चार पेडल्स होती. मी तीच आठ मात्रांची ओळ पुन्हा पुन्हा वाजवायची, एकाने माझ्या मागे बसून पेडल बदलायचं, मला दिसणार नाही, फक्त आकडा सांगायचा. पहिल्या फेरीत आम्हा सगळ्यांना तीन नंबर आवडला, एकमताने. मागे बसलेल्याने मीटर बघितला तर तीन नंबर बाकीच्यांपेक्षा दोन डेसिबलने मोठा होता. बाकी काही नाही. दुसऱ्या फेरीत त्याने सगळ्यांच्या पातळ्या जुळवल्या, आणि आमची एकमतं संपली. ड्रमर एकाला चांगलं म्हणत होता, गिटारवाला दुसऱ्याला. मग तिसरी फेरी ड्रम्ससह. मला एकट्याने वाजवताना जो आवाज रुक्ष वाटला होता तोच खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या गायकाने निवडला. म्हणाला, या एकातच तू कुठला स्वर धरलायस ते कळतंय.

शेवटी मागच्या मित्राने सांगितलं की आकडे पाच झाले होते आणि पेडल्स चारच होती. दोन नंबर आणि पाच नंबर एकच पेडल, फक्त मिड आणि ब्लेंड वेगळे. आम्ही त्या दोघांवर पंधरा मिनिटं वाद घातला होता, एक "अमेरिकन" वाटतंय, दुसरं "मॉडर्न" वाटतंय असे शब्द वापरून. त्या दिवसानंतर मी दोन पेडल्स विकली.

त्यावरून तुझ्यासाठी एक पद्धत सांगतो. ऑडिओ इंटरफेस तुझ्याकडे आहे असं धरतो. एकही पेडल न लावता बेस थेट रेकॉर्ड कर, मिनिटभर पुरे, पण त्यात सगळं असू दे: खालच्या तारेवर लांब धरलेले स्वर, वरच्या तारांवरची एखादी सुरेल ओळ, थोडं जोरात, थोडं हळू. तुमच्याच गाण्यातला भाग घे. तो इंटरफेसच्या आउटपुटमधून पेडलला दे आणि पेडलचा आवाज परत रेकॉर्ड कर. मधे रीॲम्प बॉक्स (इंटरफेसचा सिग्नल पेडलला झेपेल असा करणारी डबी) असेल तर उत्तम, नसेल तर आउटपुटची पातळी खूप खाली ठेवून सुरू कर, नाहीतर पेडल उगाच फाटेल. दोन्ही पेडल्स, प्रत्येकाची तीन तीन सेटिंग्ज, सहा ट्रॅक. मग सहाही ट्रॅकची लाउडनेस मोजून सारखी कर. कानाने नको, मीटरने. एका डेसिबलचा फरकसुद्धा कानाला "मोठा" न वाटता "चांगला" वाटतो, आणि आपण पैसे खर्च करून बसतो. ट्रॅकना नुसते आकडे दे, क्रम घरातल्या कोणाला तरी बदलायला सांग, आणि रिहर्सलच्या रेकॉर्डिंगमधल्या ड्रम्स आणि कीबोर्डच्या ट्रॅकखाली ते एकेक लावून ऐक. सोलो बटणाला हात लावायचा नाही. एकटा बेस ऐकायचाच नाही.

या पद्धतीत एक उणीव आहे. तुझा पॅसिव्ह पिकअप आणि पेडलचा इनपुट यांचं आपसातलं नातं यात सुटतं, कारण पेडलला इथे पिकअप दिसत नाही, इंटरफेस दिसतो. आणि बोटाखाली पेडल कसं लागतं, हळू वाजवल्यावर किती शुद्ध राहतं, जोर दिल्यावर कुठे फुटतं, हे तर हातानेच कळतं. म्हणून यातून फक्त गाळणी कर, शेवटची निवड रिहर्सलमध्ये. पण गाळणी प्रामाणिक झाली की उरलेलं काम अर्ध्या तासाचं असतं.

पेडलआधीच्या गोष्टी तुला माहीत असतील, पटकन सांगतो. तारा किती जुन्या आहेत? इथल्या दमट हवेत आणि घामात राउंडवाउंड तारा फार लवकर मरतात, आणि मेलेल्या तारेचा वरचा भाग ट्रेबलचा नॉब परत आणत नाही, तो फक्त खरखर वाढवतो. पावसाळ्यात मान हलते, तार फ्रेटला घासते, ती खटखट ड्राइव्हमध्ये शिरते आणि आपल्याला वाटतं पेडल खराब. सेटअप करून घे. आणि हात. ब्रिजच्या पिकअपवर बोट ठेवून वाजवलंस तर मधला भाग तिथेच मिळतो, मानेकडे सरकलीस तर तळ. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या रेकॉर्डिंगमध्ये बेसवादक जेम्स जेमर्सनचा प्रिसिजन बेस थेट डेस्कला जात होता, फ्लॅटवाउंड तारा आणि एक बोट. पेडल्स वाईट आहेत असं मी म्हणत नाहीये, माझं त्यांच्यावर प्रेम आहे. पण पेडल हाताने दिलेल्या आवाजाचीच मांडणी करतं.

स्टेजवरचं थोडं. एक्सएलआर आउटपुट लावताना साउंडवाल्याला विचार, चॅनल माइक पातळीवर आहे का. तुझा सिग्नल लाइनइतका जोरदार गेला तर कन्सोलचा इनपुट फाटतो आणि सगळे तुझ्या ड्राइव्हला दोष देतात. पेडलवर पॅड (पातळी खाली आणणारं बटण) असेल तर तो दाब, नसेल तर त्यांना गेन खाली घ्यायला सांग. गुणगुण आली तर ग्राउंड लिफ्टचं बटण वापर. ते फक्त एक्सएलआरच्या एका पिनची जोडणी तोडतं, ते सुरक्षित आहे. प्लगची अर्थिंगची पिन काढणं, तिच्यावर चिकटपट्टी लावणं हे कधीही करू नकोस आणि कोणी करत असेल तर त्या स्टेजवर चढू नकोस. मंडपातल्या जोडण्यांमध्ये अर्थिंग कच्चं असतं, माइकला ओठ लागल्यावर झटका बसलेले गायक मी पाहिले आहेत. तुझ्या हातात धातूच्या तारा असतात आणि त्या जमिनीशी जोडलेल्या असतात. कार्यक्रमाआधी टेस्टर घेऊन माइकची जाळी तपासायची, यात कोणाचा अपमान नाही. पेडलला वीज शक्यतो स्वतंत्र, आयसोलेटेड सप्लायची. एकाच अडॅप्टरवर साखळी लावून डिजिटल पेडल्सबरोबर जोडलं की किणकिण येते. सॅन्सॲम्प ४८ व्होल्टच्या फँटमवरही, म्हणजे कन्सोलकडून केबलमधूनच येणाऱ्या विजेवरही चालतं, पण तेवढ्यावर विसंबू नकोस, कन्सोलवर कोणीतरी ते बटण बंद करतंच.

पावसाळ्यात पेडल्स सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेव. नॉब करकरायला लागले की महाग दुरुस्तीआधी काँटॅक्ट क्लीनर मारून वीसेक वेळा फिरवून बघ.

आता टोन हॅमर. पेडल उत्तम आहे, हे आधी सांगतो. त्याची खरी ताकद मिडच्या दोन नॉबमध्ये आहे, एक किती, दुसरा कुठे, आणि तो "कुठे" १८० ते १००० हर्ट्झपर्यंत सरकतो. म्हणजे मी वर ज्याची एवढी चर्चा केली तेच. लोक त्याची शिफारस करतात ती चुकीची नाही. पण तुझ्या बी७केवर खालच्या आणि वरच्या मिडचे दोन वेगळे नॉब आहेत, आणि तुझं सॅन्सॲम्प दुसऱ्या आवृत्तीचं असेल तर त्यावर मिड आहेच, शिवाय ते ५०० किंवा १००० वर ठेवायचा खटकाही आहे. आहेत ते नॉब तू आजवर डावीकडे फिरवत आलीस. ते उजवीकडे फिरवून तीन रिहर्सल केल्यानंतरही आवाज कोरडा, कडक वाटला, ड्राइव्ह नकोच आणि ऊबदार, स्वच्छ आवाज हवा असं ठाम वाटलं, तर टोन हॅमर तुझं पेडल आहे. तेव्हाही आधी कोणाकडून तरी दोन दिवस मागून आण. ठाणे, नवी मुंबईत बेसवाले मोजकेच आहेत आणि आम्ही एकमेकांना पेडल्स देतो. घ्यायचं ठरलं तर वापरलेलं घे. नीट राखलेलं पेडल परत विकताना फारसं नुकसान होत नाही, नवं मात्र खोक्यातून काढताच उतरतं.

"मनातला आवाज" असं तू लिहिलंस. तो बहुधा एखाद्या रेकॉर्डिंगमधला असणार. त्या रेकॉर्डिंगमध्ये तो आवाज तू कधीही एकटा ऐकलेला नाहीस. किक, गिटार, गाणं, सगळ्यांच्या मधे बसलेलाच ऐकला आहेस. तोच बेस वेगळा काढून ऐकवला तर खूपदा तो रखरखीत, नाकातला, कधी कधी चक्क कुरूप निघतो. मी असे वेगळे काढलेले ट्रॅक ऐकले तेव्हा प्रथम विश्वास बसला नव्हता. तू रात्री हेडफोनवर जे शोधतेस ते मेळात बसलेल्या आवाजाचं सौंदर्य आहे, आणि ते एकट्या बेसमध्ये भरायला जातेस. म्हणून तळ वाढतो, चमक वाढते, आणि मेळात गेल्यावर त्याला बसायला जागा उरत नाही.

येत्या शनिवारच्या रिहर्सलला एवढं कर. बी७के लाव, चारही ईक्यू नॉब बारा वाजता, ड्राइव्ह नऊवर, ब्लेंड दहावर. बेसवर मानेकडचा पिकअप पूर्ण आणि ब्रिजचा थोडा कमी, किंवा उलट. थोडी गुणगुण येईल, येऊ दे. ॲम्पचं तोंड गुडघ्याकडे असतं, ते खुर्चीवर चढवून कानाकडे कर. पहिलं गाणं असंच वाजवा. दुसऱ्याला खालचा मिड एकवर ने, तिसऱ्याला वरचा मिड एकवर आणि बेस अकरावर. तिन्ही वेळा मोबाइल खोलीच्या मागच्या कोपऱ्यात, ढोलकीपासून लांब ठेवून रेकॉर्ड कर. त्याच रात्री ऐकू नकोस, रविवारी सकाळी ऐक, आणि तीन फाइल्स आकडे घालून मला पाठव, सेटिंग कुठलं ते न सांगता.